मुठेच्या काठचा विद्यार्थी

पुणे शहराच्या नैर्ऋत्येला सुमारे २० किलोमीटर अंतरावर खडकवासला हे गाव आहे. तेथे मुठा नदीवर मोठे धरण आहे. सुट्टीच्या दिवशी पुण्याचे लोक तेथे येतात, पाणी पाहतात, भाजलेली कणसे खातात आणि संध्याकाळी घरी परततात. या धरणावर एकेकाळी एका इंजिनिअरने असे दरवाजे बसवले होते, की ते उघडायला माणूस लागत नसे. त्या इंजिनिअरचे नाव होते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

विश्वेश्वरय्या मूळचे पुण्याचे नव्हते. त्यांचा जन्म म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या लहान गावी झाला. त्यांचे वडील संस्कृतचे पंडित होते; परंतु घरची परिस्थिती बेताची होती. विश्वेश्वरय्या शाळेत असतानाच वडील वारले. पुढील शिक्षणासाठी ते बंगळूरला मामांकडे आले. खर्च भागवण्यासाठी ते एका कुटुंबातील मुलांना शिकवत आणि उरलेल्या वेळात स्वतःचा अभ्यास करत. अशा रीतीने १८८१ साली ते बी.ए. झाले.

त्यांना इंजिनिअर व्हायचे होते. पण म्हैसूर संस्थानात तेव्हा इंजिनिअरिंगचे कॉलेज नव्हते. त्यांची हुशारी पाहून संस्थानाने त्यांना शिष्यवृत्ती दिली आणि ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात दाखल झाले. हेच पुढे पुण्याचे इंजिनिअरिंग कॉलेज म्हणून प्रसिद्ध झाले. मुळा आणि मुठा या नद्यांच्या संगमाजवळ ते आहे.

मुलांनो, त्या विद्यार्थ्याच्या पहिल्या वर्षाचा जरा विचार करा. त्यांच्या घरची भाषा तेलुगू, मुलखाची भाषा कन्नड, कॉलेजातील शिक्षण इंग्रजीत आणि शहरातील बोली मराठी! दुकानात काही मागायचे, कोणाला रस्ता विचारायचा, तरी शब्द नवा. विषयही नवे होते. बी.ए. झालेल्या या तरुणाला आता जमिनीची मोजणी, पुलांचे आणि इमारतींचे नकाशे, पाण्याचे हिशोब शिकायचे होते. घर शेकडो मैल दूर होते. शिष्यवृत्ती मिळाली होती, म्हणून जबाबदारीही होती. नापास होऊन परत जाणे त्यांना परवडणारे नव्हते.

ते घाबरून परत गेले नाहीत. बंगळूरला शिकवण्या करताना त्यांना वेळेची किंमत कळली होती. नेमाने काम करण्याची ती सवय त्यांना पुण्यातही उपयोगी पडली. १८८३ साली मुंबई विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगच्या परीक्षेत ते सगळ्या मुंबई इलाख्यात पहिले आले. परक्या मुलखातून आलेला हा विद्यार्थी आता इलाख्याचा अभिमान झाला. १८८४ साली मुंबई सरकारने त्यांना असिस्टंट इंजिनिअर नेमले आणि नाशिकला त्यांची नोकरी सुरू झाली.

पुढे कामाच्या निमित्ताने ते पुन्हा मुठा नदीकडे आले. पावसाळ्यात खडकवासल्याचा तलाव भरून वाहू लागे आणि जास्तीचे पाणी दरवर्षी वाया जाई. उन्हाळ्यात मात्र त्याच पाण्याची गरज भासे. धरणाची भिंत उंच करण्याऐवजी विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवण्याची युक्ती शोधली. पाणी ठरलेल्या पातळीपर्यंत चढले, की हे दरवाजे आपोआप उघडत आणि पूर ओसरला, की आपोआप बंद होत. त्यामुळे तलावात सुमारे ८ फूट अधिक उंचीपर्यंत पाणी साठवता येऊ लागले. १९०३ साली हे दरवाजे बसवण्यात आले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा त्या लोंढ्याने खडकवासल्याचे जुने धरणही फुटले. ते नंतर पुन्हा बांधण्यात आले. परंतु विश्वेश्वरय्यांची युक्ती खडकवासल्यापुरती राहिली नाही. ग्वाल्हेरजवळच्या तिग्रा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागर धरणावरही तिचा उपयोग झाला.

१९०८ साली हैदराबादेत मुसी नदीला भयंकर पूर आला आणि हजारो माणसे मेली. तेव्हा निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावले. त्यांच्या योजनेतून पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर हे तलाव तयार झाले. त्यांनी शहराला पुरापासून संरक्षण दिले आणि पिण्याचे पाणीही पुरवले.

१९१२ साली विश्वेश्वरय्या म्हैसूरचे दिवाण झाले. शिक्षणासाठी आपल्याला मुलूख सोडावा लागला होता, हे ते कसे विसरतील? त्यांच्या कारकिर्दीत १९१६ साली म्हैसूर विद्यापीठ स्थापन झाले आणि १९१७ साली बंगळूरला इंजिनिअरिंगचे कॉलेज सुरू झाले. आता तेथील गरीब मुलांना इंजिनिअर होण्यासाठी दूर जाण्याची गरज उरली नाही.

१९५५ साली भारत सरकारने त्यांना भारतरत्न हा किताब दिला. वयाची शंभरी पार करून १४ एप्रिल १९६२ रोजी ते बंगळूर येथे मरण पावले. १५ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस आपल्या देशात अभियंता दिन म्हणून पाळला जातो.

मुलांनो, उद्या तुम्हीही कॉलेजात जाल. तेथे कदाचित तुमच्या शाळेची भाषा नसेल, वर्गात ओळखीचा एकही चेहरा नसेल. पहिले काही दिवस जड जातील. तेव्हा मुठेच्या काठी आलेल्या या परक्या विद्यार्थ्याची आठवण ठेवा. ज्या नदीच्या काठी तो अनोळखी म्हणून आला, त्याच नदीचे वाया जाणारे पाणी त्याने लोकांसाठी अडवले.