धन्वंतरी डॉ. भाऊ दाजी लाड : एक पुण्यस्मरण

॥ श्री ॥



दिनांक ३१ मे हा डॉ. भाऊ दाजी लाड यांचा स्मृतिदिन. मुंबईस भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेलेल्या अनेकांनी तेथील वस्तुसंग्रहालयावर त्यांचे नाव वाचले असेल. परंतु हे थोर पुरुष आपल्या गोमंतकाच्या पेडणे महालातील मांद्रे गावचे, आणि मुंबईच्या गोरगरिबांचे ते लाडके डॉक्टर होते, हे आपल्यापैकी फार थोड्यांस ठाऊक असते. त्यांच्या जीवनाची ओळख आमच्या भाविकांना व्हावी, आणि त्यातून एक बोध आपण सर्वांनी घ्यावा, या हेतूने हा लेख सादर करीत आहोत.

भाऊंचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. घरी त्यांना भाऊ म्हणत, वडिलांना दाजी. हीच नावे पुढे जगात रूढ झाली. घरची स्थिती बेताची होती. पोटापाण्यासाठी कुटुंब मुंबईस आले, तेव्हा भाऊ लहान होते. बुद्धिबळाच्या पटावर त्यांची चमक पाहून एका इंग्रज गृहस्थाने या मुलास इंग्रजी शिक्षण द्यावे असा सल्ला वडिलांना दिला, असे सांगितले जाते. एल्फिन्स्टन विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले आणि तेथेच ते शिक्षक झाले. कच्छ व काठेवाडात मुलींना जन्मतःच मारून टाकण्याची जी क्रूर चाल होती, तिच्यावर त्यांनी निबंध लिहून पारितोषिक मिळविले. दुसऱ्याच्या दुःखाकडे पाहण्याची त्यांची दृष्टी त्या तरुण वयातच दिसून येते.

सन १८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. प्रेताला स्पर्श करून शरीरशास्त्र शिकणे हे त्या काळच्या सनातनी घरांना मानवण्यासारखे नव्हते. तरीही भाऊंनी शिक्षकाची स्थिर नोकरी सोडून त्या महाविद्यालयात प्रवेश घेतला. सन १८५१ मध्ये तेथून जी पहिली तुकडी बाहेर पडली, तीत ते होते. त्यांचे धाकटे बंधू नारायण दाजी हेही पुढे डॉक्टर झाले. उभय बंधूंनी मिळून गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालविला. श्रीमंतांच्या घरी त्यांना जितका मान होता, तितकाच विश्वास ज्याच्या गाठीला दमडी नाही अशा रोग्याचाही होता. हातगुण असलेला डॉक्टर म्हणून त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले.

वैद्यकाबरोबर त्यांनी केलेली इतर कामे पाहिली म्हणजे मन थक्क होते. सन १८५२ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनचे ते एक चिटणीस होते. मुलींच्या शिक्षणाचे ते कैवारी होते व लोहार चाळीतील मुलींच्या शाळेस त्यांचे साहाय्य होते. नाना शंकरशेट व जॉर्ज बर्डवुड यांच्यासमवेत त्यांनी वस्तुसंग्रहालयासाठी परिश्रम घेतले. सन १८७२ मध्ये खुल्या झालेल्या त्याच वास्तूला सन १९७५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. सन १८६९ व १८७१ असे दोन वेळा ते मुंबईचे शेरीफ झाले. संस्कृत ग्रंथ, शिलालेख व नाणी यांचा त्यांचा व्यासंग मोठा होता. गिरनारचा रुद्रदामनाचा लेख, अजिंठ्याचे लेख, कालिदासाचा काळ अशा विषयांवर त्यांनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेत निबंध वाचले. हे सारे रोगी तपासून उरलेल्या वेळात!

त्यांच्या जीवनातील दोन प्रसंग मात्र आम्हांस विशेष मननीय वाटतात.

पहिला प्रसंग सन १८६२ मधील. पत्रकार करसनदास मुळजी यांनी एका संप्रदायाच्या महाराजांच्या अनाचाराविरुद्ध लेखणी उचलली, म्हणून त्या महाराजांनी त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला. महाराजांच्या व्याधीवर भाऊंनी उपचार केले होते. न्यायालयात त्यांना साक्षीस बोलाविले गेले. डॉक्टरने रोग्याचे गुपित जपावे हा धर्म. आणि न्यायासनासमोर सत्य सांगावे हाही धर्मच. भाऊंनी सत्य सांगितले. त्या काळी धर्मगुरूच्या विरोधात उभे राहणे म्हणजे समाजाचा रोष ओढवून घेणे होते. देवस्थानाची सेवा करणाऱ्या आम्हां मंडळींना हा प्रसंग नेहमीच अंतर्मुख करतो. देवाच्या नावाने जो अधिकार हाती येतो, तो शुद्ध राहिला पाहिजे, हेच त्या साक्षीने दाखवून दिले.

दुसरा प्रसंग महारोगाचा, म्हणजे कुष्ठरोगाचा. त्या काळी या रोगाने ग्रासलेल्या माणसाला घर नव्हते, गाव नव्हते. देवळाच्या बाहेर, वाटेच्या कडेला बसून भिक्षा मागणे एवढेच त्याच्या नशिबी होते. भाऊंनी जुने वैद्यकग्रंथ चाळले, वनस्पतींची परीक्षा केली आणि एक औषध तयार करून रोग्यांवर त्याचा प्रयोग सुरू केला. कित्येकांना त्याने आराम पडू लागला. त्यांच्या पश्चात असे मानले गेले, की हे औषध आपल्या सह्याद्रीत वाढणाऱ्या कडू कवठाच्या बियांच्या तेलाचे होते.

परंतु ते औषध कोणते, हे भाऊंनी हयातीत उघड केले नाही. पुरेसा अनुभव गाठीस येऊन खात्री पटल्यावर ते प्रसिद्ध करावे, असा त्यांचा मानस होता. या गुप्ततेबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. पण दिवस फिरले होते. सन १८६५ मध्ये कापसाचा भाव कोसळून मुंबईत शेअरबाजाची जी पडझड झाली, तीत भाऊंचेही मोठे नुकसान झाले. पुढे प्रकृती ढासळली, पक्षाघाताने गाठले आणि ३१ मे १८७४ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. औषधाची कृती त्यांच्या हातून जगापुढे मांडली गेलीच नाही.

याच सुमारास, सन १८७३ मध्ये, नॉर्वेत हॅन्सन यांनी कुष्ठरोगाचा जंतू शोधला. कडू कवठाच्याच कुळातील चालमुग्रा तेल पुढे अनेक दशके जगभर या रोगावर वापरले गेले. सन १९४० नंतर सल्फोन औषधे आली, आणि सन १९८१ पासून अनेक औषधे एकत्र देण्याची जी पद्धत सुरू झाली, तिने हा रोग पूर्ण बरा होऊ लागला. भाऊंच्या तेलाने रोग समूळ गेला असता, असा दावा आम्ही करीत नाही. परंतु त्यांच्या प्रयोगांच्या नोंदी, चुकांसह का होईना, वेळेवर प्रसिद्ध झाल्या असत्या, तर इतर डॉक्टरांनी त्या पडताळल्या असत्या, आणि एका गोमंतकीयाचे श्रम पुढच्यांच्या उपयोगी पडले असते.

त्यांना दोष देण्याचा आमचा अधिकार नाही. ज्याने आयुष्यभर विनामूल्य औषध दिले, तो पैशासाठी कृती लपवील हे आम्हांस पटत नाही. अपुरे ज्ञान बाहेर पडून रोग्यांना अपाय होऊ नये, ही त्यांची सावधगिरी असावी असे आम्ही मानतो. पण सावधगिरीलाही मुदत असते. न्यायालयात जे बोलणे कठीण होते ते भाऊ बोलले. आणि जे सांगण्यासाठी सारे जग कान देऊन बसले होते, ते सांगावयास आयुष्य पुरले नाही. देहाचा भरवसा नाही, हे आपण कीर्तनात नित्य ऐकतो. विद्येच्या बाबतीत मात्र ते विसरतो.

आपल्या कुळाव्यांपैकी अनेकांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या हातच्या औषधांच्या वह्या आहेत. काही वाळवीने खाल्ल्या, काही जुन्या घराबरोबर गेल्या. ज्यांच्याकडे अशा वह्या शिल्लक असतील, त्यांनी त्यांची नक्कल करून ठेवावी व ती जाणकारांना दाखवावी, अशी नम्र विनंती आहे. त्यांवरून कोणी परस्पर औषधोपचार मात्र करू नये. तसेच, अंगावर बधिर चट्टा दिसल्यास तो लपवू नये. सरकारी दवाखान्यात कुष्ठरोगाचे औषध विनामूल्य मिळते आणि रोग बरा होतो. बऱ्या झालेल्या माणसाला आपल्या पंगतीत सन्मानाने बसवून घेणे, हेच भाऊंचे खरे स्मरण होय.

श्रीचरणी हीच प्रार्थना.

आपला नम्र,
सचिव, देवस्थान न्यास