टोपीतला दगड

माझे आजोबा पाणाडे होते. तळहातावर नारळ आडवा ठेवून ते शेतातून फिरायचे आणि नारळ उभा राहील तिथे विहीर खणायला सांगायचे. होस्टेलवर हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. भूजलाच्या लेक्चरला पाणाड्यांचा विषय निघाला तेव्हा अख्खा वर्ग हसला, आणि सगळ्यात मोठ्याने मीच हसलो! त्याच आठवड्यात लायब्ररीतल्या एका पुस्तकात जोसेफ स्मिथ भेटला. अमेरिकेतल्या मॉर्मन पंथाचा हा संस्थापक. त्याची गोष्टही एका विहिरीपासूनच सुरू होते, म्हणून म्हटलं, लिहूनच टाकू.

जोसेफचा जन्म 23 डिसेंबर 1805 चा, व्हरमाँट राज्यातल्या शॅरन गावचा. घरची शेती, पण कायम ओढाताण. सात वर्षांचा असताना टायफॉइडनंतर पायाच्या हाडात संसर्ग झाला. तेव्हा भूल देण्याची सोय नव्हती, तसंच हाड कापून काढलं. पाय वाचला, पण चाल थोडी लंगडी राहिली. 1815 मध्ये इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला आणि त्याच्या परिणामाने 1816 च्या ऐन जूनमध्ये व्हरमाँटला बर्फ पडलं. पिकं गेली. स्मिथ कुटुंबाने बाडबिस्तरा उचलला आणि न्यूयॉर्क राज्यातलं पामायरा गाठलं.

पामायराजवळून तेव्हा इरी कालवा खणला जात होता (1817 ते 1825). एकीकडे एवढं मोठं इंजिनिअरिंग, दुसरीकडे गावोगाव धर्मप्रचाराच्या सभा, आणि तिसरीकडे गुप्तधनाचं वेड! डोंगरात जुनं सोनं पुरलंय, त्यावर भुतांचा पहारा आहे, रात्री जमिनीवर वर्तुळ आखून मुकाट्याने खणायचं, कुणी तोंड उघडलं की धन आणखी खोल सरकतं... अशा समजुती सर्रास होत्या. आपल्याकडच्या कुणाला हे परकं वाटू नये.

1822 च्या सुमारास विलर्ड चेस या शेजाऱ्याची विहीर खणताना जोसेफला अंड्याच्या आकाराचा एक तपकिरी दगड सापडला. दगड टोपीत ठेवायचा, टोपीत तोंड खुपसून अंधार करायचा, की हरवलेल्या आणि पुरलेल्या वस्तू दिसतात, अशी समजूत होती. असे दगडवाले त्या भागात आणखीही होते. पण या पोराचं नाव झालं. 1825 मध्ये जोसाया स्टोवेल नावाच्या शेतकऱ्याने चांदीची जुनी खाण शोधायला त्याला मजुरीवर ठेवलं. चांदी काही मिळाली नाही. उलट 1826 मध्ये बेनब्रिज गावात जोसेफला न्यायाधीशासमोर उभं राहावं लागलं. गंमत म्हणजे पैसे घालवून बसलेल्या स्टोवेलने त्याच्याच बाजूने साक्ष दिली! या प्रकरणाच्या खर्चाचं 2 डॉलर 68 सेंटचं बिल 1971 मध्ये सापडलं. त्यात जोसेफचा उल्लेख काचेत पाहणारा असा आहे.

खाणीच्या कामावर असताना तो आयझॅक हेल यांच्या घरी राहायचा. त्यांची मुलगी एमा त्याला आवडली. धन शोधणारा जावई वडिलांना नको होता, तेव्हा दोघांनी जानेवारी 1827 मध्ये पळून जाऊन लग्न केलं. त्याच वर्षी 22 सप्टेंबरला, देवदूताने दाखवलेल्या सोन्याच्या पत्र्यांवरचा ग्रंथ जवळच्या टेकडीतून मिळाल्याचं जोसेफने जाहीर केलं. भाषांतर करताना तो बहुतेक वेळा तोच जुना प्रकार करायचा : दगड टोपीत, तोंड टोपीत, आणि शेजारी लिहून घेणारा. हे एमाने आणि इतर जवळच्यांनीच सांगून ठेवलंय. मार्टिन हॅरिसने शेत गहाण टाकलं आणि मार्च 1830 मध्ये 'बुक ऑफ मॉर्मन'च्या 5000 प्रती छापून झाल्या. 6 एप्रिलला पंथ स्थापन झाला.

पुढचं आयुष्य धावपळीचं. ओहायोत काढलेली बँक बुडाली, मिसूरीच्या गव्हर्नरने 1838 मध्ये सगळ्या मॉर्मनांना हुसकावलं, इलिनॉयमध्ये नोवू शहर वसवलं. तिथे जोसेफच्या अनेक लग्नांवरून पंथातच भांडणं पेटली. विरोधकांचा छापखाना त्याने मोडायला लावला, म्हणून अटक झाली. 27 जून 1844 ला कार्थेजच्या तुरुंगात जमावाने त्याला आणि भाऊ हायरमला गोळ्या घातल्या. वय अवघं 38.

तो लबाड होता की प्रेषित? पत्रे देवदूताला परत दिले असं त्याने सांगितल्यामुळे तपासायला काही उरलं नाही. मला स्वतःला देवदूत पटत नाही. पण निव्वळ ठगही पटत नाही, कारण त्याच्या गावात बायबल आणि दगड एकाच घरात नांदत होते. जादू कुठे संपते आणि धर्म कुठे सुरू होतो, ही रेघ आपण नंतर मारली.

मला जास्त विचारात पाडलं ते पुढच्या लपवाछपवीने. चर्चच्या चित्रांत जोसेफ वर्षानुवर्षं पत्र्यांसमोर बसलेला दिसायचा, टोपी गायब! त्याचाच फायदा मार्क हॉफमन या बनावट कागद करणाऱ्याने घेतला. देवदूताच्या जागी पांढरा सॅलॅमँडर असलेलं एक जुनं पत्र त्याने रचलं. चर्चच्या वरिष्ठांनीही त्याच्याकडून कागद विकत घेतले. बिंग फुटायला लागल्यावर त्याने ऑक्टोबर 1985 मध्ये सॉल्ट लेक सिटीत बॉम्ब ठेवून दोघांचे जीव घेतले. मायकल क्विन या इतिहासकाराने 1987 मध्ये या जादूटोण्यावर खरे पुरावे देऊन पुस्तक लिहिलं. त्यालाच 1993 मध्ये पंथाबाहेर काढलं. शेवटी ऑगस्ट 2015 मध्ये चर्चने जपून ठेवलेल्या त्या दगडाचे फोटो स्वतःच छापले. त्याने पंथ काही बुडाला नाही.

म्हणून मीही सांगून टाकलं. नारळाला पाणी कळत नाही, हे मी आता जाणतो. पण आजोबा कुणाला फसवत नव्हते, हेही जाणतो. गावात आठवण निघते ती फक्त पाणी लागलेल्या विहिरींची. सेमिस्टर संपली की घरी जाऊन कोरड्या गेलेल्या विहिरींची यादी करायची आहे. आजीला विचारावं लागेल. तिला सगळ्या माहीत असणार.

- तृतीय वर्ष, स्थापत्य