सूर आणि हिशेब : उस्ताद अब्दुल करीम खाँ



आपल्या बीड जिल्ह्यातील एका शाळेत मी मराठी व इतिहास हे विषय शिकवितो. काही वर्षांपूर्वी गणिताचे शिक्षक रजेवर असताना अकरावीच्या वर्गावर लॉगरिथमचा पाठ घेण्याची पाळी माझ्यावर आली. मी सूत्रे फळ्यावर लिहिली आणि पाठ करून या म्हणून सांगितले. मागच्या बाकावरील एका मुलाने हे कशासाठी शिकायचे, असे विचारले. वडिलांच्या गॅरेजमध्ये नुसत्या आवाजावरून इंजिनाचा बिघाड ओळखणारा तो मुलगा! मला उत्तर देता आले नाही. पुढे त्याने शाळा सोडली. कारणे अनेक असतील. परंतु ते न दिलेले उत्तर मला आजही टोचते. म्हणून या स्मरणिकेत ते एका थोर कलावंताच्या चरित्राच्या आधारे देत आहे.

उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ रोजी आजच्या उत्तर प्रदेशातील किराणा या गावी झाला. घराणे गवयांचे. वडील काले खाँ व चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडून त्यांना तालीम मिळाली. तरुणपणीच ते बडोदे संस्थानच्या दरबारात गायक झाले. तेथे सरदार घराण्यातील ताराबाई माने यांच्याशी त्यांची ओळख झाली. दोघांनी संसार थाटला व बडोदे सोडले. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वती राणे ही त्यांची मुले पुढे संगीतात नामवंत झाली. पुढे पतिपत्नी विभक्त झाली, हेही चरित्रात नमूद केले पाहिजे. मोठ्या माणसांचे आयुष्य म्हणजे निव्वळ यशाची यादी नव्हे.

खाँसाहेब महाराष्ट्रात आले ते कायमचे. मिरज हे त्यांचे घर झाले. मिरज तंबोऱ्यासाठी प्रसिद्ध आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या तेथील शिकलगार कुटुंबांनी एकोणिसाव्या शतकात वाद्ये घडविण्याचा धंदा उचलला, आणि मिरजेच्या सतार-तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. खाँसाहेब स्वतः वाद्यांचे जाणकार व दुरुस्ती करणारे होते. १९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व, हे त्यांचे शिष्य. आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी व गंगूबाई हनगल. जातिधर्माच्या भिंती या गुरुशिष्य-परंपरेत आड आल्या नाहीत.

आता हिशेबाकडे वळू. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींच्या मोजणीचा ध्यास घेतला होता. त्यांचे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. क्लेमेंट्स नावाचे इंग्रज सनदी अधिकारी त्यांचे सहकारी होते. या संशोधनात खाँसाहेबांच्या गळ्याचा व कानाचा उपयोग झाला. गळ्यातील स्वर तारेच्या स्वराशी जुळवायचा, तारेची लांबी मोजायची व लांबीवरून कंपनसंख्यांचे गुणोत्तर काढायचे, अशी या मोजणीची रीत असते. त्या निष्कर्षांवर पुढे पंडितांत वाद झाले. परंतु उस्तादाचा कान आणि अभ्यासकाची मोजपट्टी एकत्र बसली, हे महत्त्वाचे.

विद्यार्थ्यांनो, येथेच लॉगरिथम आले. षड्जाच्या दुप्पट कंपनसंख्या म्हणजे तार षड्ज. या एका सप्तकाचे १२०० भाग मानतात. एका भागास सेंट म्हणतात. ही रीत एलिस या इंग्रज विद्वानाने प्रचारात आणली. शुद्ध गांधाराचे षड्जाशी गुणोत्तर ५/४ आहे. तो किती सेंटवर येतो? समीकरण असे : २ चा घात (क्ष/१२००) = ५/४. अज्ञात संख्या घातांकात बसली आहे; तिला खाली आणण्याची शिडी म्हणजे लॉगरिथम. दोन्ही बाजूंचे लॉग घ्या. क्ष = १२०० × लॉग १.२५ ÷ लॉग २. कोष्टकात पाहा : ०.०९६९ भागिले ०.३०१० म्हणजे ०.३२१९, त्यास १२०० ने गुणिले की ३८६. सप्तकाचे बारा समान भाग केलेल्या पेटीवर मात्र हा गांधार ४०० वर असतो. फरक १४ सेंटचा, म्हणजे कंपनसंख्येत शेकडा एकाहूनही कमी. परंतु तयार कानास तो खुपतो. उत्तम जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून जो गांधार आपोआप ऐकू येतो तो ३८६ चा असतो, ४०० चा नव्हे.

आता आवाजाचे मोठेपण घ्या. तरंगाचा आयाम दुप्पट झाला की तीव्रता चौपट होते, कारण तीव्रता आयामाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. डेसिबेलमधील वाढ = १० × लॉग (तीव्रतांचे गुणोत्तर). म्हणून आयाम दुप्पट झाल्यास वाढ १० × लॉग ४, म्हणजे सुमारे ६ डेसिबेल. एका तंबोऱ्याचा आवाज ५० डेसिबेल असेल, तर तसेच दोन तंबोरे मिळून १०० नव्हे, ५३ डेसिबेल होतात; कारण १० × लॉग २ = ३. साठ डेसिबेल हवे असतील तर किती तंबोरे लागतील? १० × लॉग न = १०; लॉग न = १; म्हणून न = १०. दहा तंबोरे! आणि एवढे करून कानास आवाज साधारण दुप्पटच वाटतो.

यातून खाँसाहेबांच्या गाण्याचे मर्म कळते. त्यांचा आवाज दणदणीत नव्हता. बारीक, हळुवार व नेमका होता. आवाज वाढविण्यास दसपट सामग्री लागते आणि पदरात थोडेच पडते. सुराची नेमकेपणाने जोपासना केली तर शेकडा एकाचा फरकही रसिकाच्या अंतःकरणास भिडतो.

२७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीकडे जात असता खाँसाहेबांना अस्वस्थ वाटू लागले. सिंगपेरुमाळकोइल स्थानकावर ते उतरले. तंबोरा जुळवून अल्लाहचे स्मरण करीत त्यांनी देह ठेवला, असे सांगितले जाते. मिरजेत ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. तेथे उरुसाच्या वेळी त्यांच्या स्मरणार्थ गायक हजेरी लावतात.

पालकहो, आपल्या मुलांच्या हातांत, कानांत व डोळ्यांत कसब असते. कोणी लोखंडावर हात चालवितो, कोणी कपड्यावर, कोणी इंजिनावर. त्याला कसब आहे, मग पुस्तक कशाला, असे म्हणू नका. आणि पुस्तक शिकतो म्हणून त्याचे कसबही मोडू नका. मिरजेच्या तंबोऱ्यात दोन्ही नांदतात. आम्हा शिक्षकांचे कर्तव्य एवढेच, की मुलाने कशासाठी असे विचारल्यावर पाठ करा असे सांगून त्याची बोळवण करू नये.

तो मुलगा कधी गॅरेजमध्ये भेटला, तर मी त्याला हा हिशेब समजावून सांगणार आहे. त्याला तो माझ्याहून लवकर कळेल, याविषयी मला शंका नाही.