भागधारकांचा क्रम शेवटचा : रॉबर्ट वुड जॉन्सन यांचे जीवन आणि एका पानाचा वारसा

न्यू जर्सीतील एडिसन, इझलिन, पिस्कॅटवे या परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना रॉबर्ट वुड जॉन्सन हे नाव प्रथम भेटते ते बहुधा रुग्णालयाच्या पाटीवर. न्यू ब्रन्सविकचे विद्यापीठ रुग्णालय त्यांच्या नावाने ओळखले जाते, रटगर्सचे तेथील वैद्यकीय महाविद्यालयही त्यांच्याच नावाचे आहे आणि अमेरिकेत केवळ आरोग्यक्षेत्राला वाहिलेल्या धर्मादाय संस्थांमधील सर्वांत मोठे प्रतिष्ठानही त्यांचेच. व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मात्र ते ठाऊक असतात ते त्यांनी १९४३ मध्ये लिहिलेल्या, जेमतेम एका पानाच्या मजकुरामुळे. जॉन्सन अँड जॉन्सन या कंपनीची ध्येये आणि कर्तव्ये सांगणारा हा मजकूर ‘अवर क्रेडो’ या नावाने प्रसिद्ध आहे. मिशन आणि व्हिजन हे शब्द कंपन्यांच्या भिंतींवर झळकू लागले, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

रॉबर्ट यांचा जन्म ४ एप्रिल १८९३ रोजी न्यू ब्रन्सविक येथे झाला. त्यांच्या वडिलांचे नावही रॉबर्ट वुड जॉन्सन हेच. जोसेफ लिस्टर यांच्या जंतुनाशक शस्त्रक्रियेच्या विचाराने प्रभावित झालेल्या वडिलांनी जेम्स आणि एडवर्ड मीड या आपल्या दोन भावांसह १८८६ मध्ये शस्त्रक्रियेसाठी लागणाऱ्या निर्जंतुक पट्ट्या आणि कापूस बनवण्याचा उद्योग उभा केला. शस्त्रक्रियेपेक्षा नंतरच्या संसर्गानेच रुग्ण अधिक दगावण्याचा तो काळ होता. आपल्या मालात दोष राहिला तर त्याची किंमत कोणाला मोजावी लागते, हे या घरात वेगळे शिकवण्याची आवश्यकता नव्हती.

१९१० मध्ये वडिलांचे निधन झाले, तेव्हा रॉबर्ट सोळा वर्षांचे होते. वारशाने मोठी संपत्ती हाती येणार होती. महाविद्यालयाचा मार्गही मोकळा होता. त्यांनी मात्र रटगर्स प्रिपरेटरी स्कूलमधील शिक्षणानंतर कंपनीच्या कारखान्यातच सर्वांत खालच्या पायरीवर काम धरले. त्या काळी न्यू ब्रन्सविकमध्ये हंगेरीतून आलेल्या स्थलांतरितांची मोठी वस्ती होती आणि कारखान्यातील कामगारांत त्यांचे प्रमाण लक्षणीय होते. परकी भाषा, अपुरे वेतन, दिवसाचे दीर्घ तास आणि परतीचा मार्ग नसलेले आयुष्य या गोष्टी तरुण रॉबर्ट यांनी संचालकांच्या दालनातून पाहिल्या नाहीत. त्या त्यांना यंत्रांच्या शेजारी उभे राहून कळल्या. पुढील काळात कामगारांविषयी त्यांनी जे लिहिले, त्याचे मूळ या वर्षांत आहे.

१९१८ मध्ये ते कंपनीचे उपाध्यक्ष झाले. १९२० मध्ये, वयाची तिशीही आली नसताना, रॅरिटन नदीच्या पलीकडील हायलँड पार्क या गावाचे महापौरपद त्यांच्याकडे आले. कारखाना ज्या गावात उभा असतो त्या गावाचे रस्ते, पाणी आणि शाळा यांचा विचार त्यांनी प्रथम नगरकारभाराच्या बाजूने केला. १९२३ मध्ये धाकटे बंधू जॉन सीवर्ड यांच्यासह त्यांनी जगभर प्रवास केला. अमेरिकेबाहेर विस्ताराची किती संधी आहे, हे या प्रवासात त्यांच्या लक्षात आले आणि पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये कंपनीची शाखा सुरू झाली. परदेशातील शाखेचा कारभार शक्यतो तेथील माणसांनीच पाहावा आणि मुख्यालयाने प्रत्येक निर्णयात हात घालू नये, हे विकेंद्रीकरणाचे धोरण त्यांनी आयुष्यभर चालवले. भारतातील कंपनी १९५७ मध्ये मुंबईत स्थापन झाली ती याच विस्ताराच्या ओघात. मुलुंडचा कारखाना पुढे मुंबईकरांच्या चांगल्याच परिचयाचा झाला.

त्यांच्या विचारांची पहिली मोठी कसोटी जॉर्जिया राज्यात लागली. तेथे गेन्सव्हिलजवळ चिकोपी या नावाने कंपनीने १९२७ मध्ये कापडगिरणी आणि तिच्यासोबत कामगारांसाठी संपूर्ण गाव वसवले. दक्षिणेकडील गिरणगावांची तेव्हाची अवस्था शोचनीय होती. चिकोपीत मात्र विटांची घरे, वीज, घरात नळाचे पाणी आणि झाडांनी वेढलेले रस्ते होते. स्वच्छ, उजेडाच्या आणि देखण्या इमारतीत काम करणारा माणूस काम अधिक चांगले करतो, असे जॉन्सन यांचे ठाम मत होते. कारखान्यातील अस्वच्छता त्यांना मुळीच खपत नसे. पाहणीला निघाले की व्यवस्थापकांची तारांबळ उडे.

१९३२ मध्ये ते अध्यक्ष झाले. महामंदी तेव्हा ऐन भरात होती. कारखाने बंद पडत होते, वेतनकपात हा उद्योजकांचा पहिला उपाय होता. जॉन्सन यांनी उलट भूमिका घेतली. कामगाराच्या हाती पैसा नसेल तर उद्योगाचा माल घेणार कोण, असा त्यांचा सरळ हिशेब होता. वेतन वाढवावे, कामाचे तास कमी करावेत आणि किमान वेतनाला कायद्याचे बळ असावे, असे ते जाहीरपणे मांडू लागले. १९३५ मध्ये त्यांनी ‘ट्राय रिअ‍ॅलिटी’ ही पुस्तिका काढली आणि वेतन, कामाचे तास व उद्योगाचे भवितव्य यांची त्यात चर्चा केली. ग्राहक, कामगार आणि समाज यांच्याप्रती असलेले कर्तव्य पार पाडल्याखेरीज खासगी उद्योग टिकणार नाही, हा विचार या लेखनातून आकार घेत होता. आपल्याच वर्गातील अनेकांना त्यांची ही मते रुचली नाहीत.

दुसऱ्या महायुद्धात ते लष्करी सेवेत होते आणि ब्रिगेडियर जनरलच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले. युद्धसामग्रीच्या उत्पादनात लहान कारखान्यांना वाटा मिळावा म्हणून स्थापन झालेल्या स्मॉलर वॉर प्लान्ट्स कॉर्पोरेशनचे अध्यक्षपद १९४३ मध्ये त्यांच्याकडे होते. तेव्हापासून कंपनीत त्यांचा उल्लेख ‘जनरल’ असाच होऊ लागला आणि त्यांनाही तो आवडत असे.

याच वर्षी क्रेडो लिहिला गेला. ही वेळ ध्यानात घेण्याजोगी आहे. कुटुंबाच्या मालकीची कंपनी आता न्यूयॉर्क शेअर बाजारात उतरणार होती. १९४४ मध्ये ती उतरलीही. आजवर धोरण काय असावे हे कुटुंबातच ठरत असे. आता हजारो अनोळखी भागधारक येणार होते आणि त्यांची पहिली अपेक्षा लाभांशाची असणार होती. दार उघडण्यापूर्वी घराची रीत लिहून ठेवावी, असे जॉन्सन यांनी केले. संचालकांसमोर त्यांनी जे पान ठेवले, त्यात पाच जबाबदाऱ्या क्रमाने मांडलेल्या होत्या.

पहिली जबाबदारी कंपनीचा माल वापरणाऱ्यांची : डॉक्टर, परिचारिका, रुग्णालये आणि माता. माल उत्तम हवा, किंमत आटोक्यात हवी आणि विक्रेत्यालाही रास्त नफा मिळायला हवा. दुसरी जबाबदारी कर्मचाऱ्यांची : नोकरीची शाश्वती, न्याय्य वेतन, माफक तास, स्वच्छ कामाची जागा, तक्रार मांडण्याची सोय आणि प्रत्येकाची व्यक्ती म्हणून प्रतिष्ठा. तिसरी व्यवस्थापकांची आणि चौथी समाजाची. कंपनीने चांगल्या नागरिकासारखे वागावे, कराचा आपला वाटा प्रामाणिकपणे भरावा, आरोग्य आणि शिक्षणाच्या कामात सहभागी व्हावे. भागधारकांचा क्रम पाचवा, म्हणजे शेवटचा. संशोधन, नवी यंत्रे, वाईट दिवसांसाठीची गंगाजळी, झालेल्या चुकांची भरपाई हे सारे झाल्यावर त्यांना रास्त परतावा मिळावा, असे जॉन्सन यांनी लिहिले.

या पानाचे वेगळेपण त्याच्या क्रमात आहे. ग्राहक, कर्मचारी, समाज आणि भागधारक हे सारेच आपल्याला प्रिय आहेत, असे म्हणणे कोणत्याही कंपनीला सोपे जाते. त्यांचे हितसंबंध परस्परांच्या आड आले तर कोणी थांबायचे, हे सांगणे अवघड असते. जॉन्सन यांनी ते सांगितले. स्वतः कंपनीचे मोठे भागधारक असताना सांगितले, हे आणखी विशेष. नफ्याला त्यांनी गौण मानले नाही. नफ्याशिवाय यातील एकही कर्तव्य पार पडणार नाही, हे ते जाणून होते. व्यवसायाचे पहिले कर्तव्य नफा वाढवणे हेच आहे, असे मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० मध्ये मांडले आणि तो विचार पुढे प्रबळ झाला. २०१९ मध्ये बिझनेस राउंडटेबल या संघटनेतील १८१ कंपनीप्रमुखांनी सर्व संबंधितांच्या हिताची बांधिलकी जाहीर केली, ती जॉन्सन यांच्या पानानंतर ७६ वर्षांनी.

तत्त्वांचा हा पुरस्कर्ता स्वभावाने मात्र मवाळ नव्हता. ते तापट होते, हुकमती होते. त्यांनी तीन विवाह केले. पुत्र रॉबर्ट वुड जॉन्सन तिसरे यांना १९६१ मध्ये कंपनीचे अध्यक्षपद मिळाले. चार वर्षांनी वडिलांनीच त्यांना त्या पदावरून दूर केले. प्रत्येक माणसाची प्रतिष्ठा जपण्याचा आग्रह धरणाऱ्या लेखकाच्या घरात पितापुत्रांचे नाते असे विस्कटले. जॉन्सन यांच्या चरित्रातील ही सल लपवण्यासारखी नाही.

१९६३ मध्ये ते कार्यकारी जबाबदारीतून निवृत्त झाले आणि ३० जानेवारी १९६८ रोजी त्यांचे निधन झाले. आपल्या कंपनीचे बहुतांश समभाग त्यांनी १९३६ मध्ये स्थापन केलेल्या प्रतिष्ठानाला दिले. १९७२ मध्ये या प्रतिष्ठानाने राष्ट्रीय पातळीवर काम सुरू केले, तेव्हा त्याची मालमत्ता सुमारे १.२ अब्ज डॉलरची होती. पाचव्या क्रमांकाच्या वाटेकऱ्याचा हिस्सा अशा रीतीने चौथ्या क्रमांकाकडे, म्हणजे समाजाकडे गेला.

त्यांच्या पश्चात क्रेडो तीनदा कसोटीला लागला. सत्तरच्या दशकात न्यू ब्रन्सविक शहर उतरणीला लागले होते. दुकाने बंद होत होती आणि अनेक कंपन्या उपनगरांकडे जात होत्या. कंपनीने मुख्यालय शहरातच ठेवायचे ठरवले आणि पुनर्विकासात पुढाकार घेतला. वास्तुविशारद आय. एम. पेई यांनी रचलेली पांढरी इमारत त्याची साक्ष देते. या पुनर्विकासात जुन्या वस्त्यांतील गरीब रहिवाशांना हलावे लागले, ही टीकाही तितकीच खरी.

त्याच दशकात जेम्स बर्क या वरिष्ठ अधिकाऱ्याने व्यवस्थापकांना एकत्र बोलावून प्रश्न ठेवला की हे पान आपल्याला खरोखर मान्य आहे काय, नसेल तर ते भिंतीवरून काढून टाकू. वादविवाद झाले, मजकुरात दुरुस्त्याही झाल्या, पण क्रम टिकला. त्याचा उपयोग १९८२ च्या शरद ऋतूत झाला. शिकागो परिसरात कोणीतरी टायलेनॉलच्या कॅप्सूलमध्ये सायनाइड मिसळले आणि सात जणांचा बळी गेला. हे औषध बनवणारी मॅकनील ही कंपनी १९५९ मध्ये, जॉन्सन यांच्याच कारकिर्दीत, समूहात आली होती. बर्क आता अध्यक्ष होते. देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत घेण्यात आल्या. खर्च १० कोटी डॉलरच्या वर गेला. सुरक्षित मोहोरबंद वेष्टनात औषध पुन्हा बाजारात आले आणि लोकांचा विश्वासही परतला. गुन्हेगार आजवर सापडलेला नाही.

तिसरी कसोटी अजून संपलेली नाही. टाल्कयुक्त बेबी पावडरमुळे कर्करोग झाल्याचा दावा करणारे हजारो खटले कंपनीवर दाखल झाले. माल सुरक्षित असल्याचे कंपनीचे म्हणणे कायम आहे. तरी अमेरिका आणि कॅनडातील विक्री २०२० मध्ये थांबवण्याचा निर्णय झाला आणि २०२३ मध्ये ती जगभर थांबली. मुलुंडच्या कारखान्याचा पावडरीचा परवाना महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने चाचणीच्या कारणावरून सप्टेंबर २०२२ मध्ये रद्द केला होता; जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्दबातल ठरवला. या वादांत कंपनीला जाब विचारणारे लोक वारंवार त्याच पानाकडे बोट दाखवतात, कारण माल वापरणाऱ्या मातांची जबाबदारी पहिली, असे तिच्या नेत्याने स्वतः लिहून ठेवले आहे.

जॉन्सन यांनी हे पान लिहिले तेव्हा ते पन्नास वर्षांचे होते. त्याआधीची ३० हून अधिक वर्षे त्यांनी कारखान्यात, गावाच्या कारभारात, चिकोपीच्या वसाहतीत आणि मंदीच्या झळांत काढली होती. जे आधी करून पाहिले, तेच त्यांनी शेवटी शब्दांत उतरवले.