मिकीचा बाप आणि सत्तावीस हजार एकर

वॉल्ट डिस्ने म्हटले की आपल्याला मिकी माउस आठवतो. रविवारी दूरदर्शनवर ‘डक टेल्स’ लागायच्या आत आंघोळ उरकणाऱ्या पिढीला तर डिस्ने हे एका माणसाचे नाव आहे, हेही ठाऊक नसायचे. मला मात्र या माणसाच्या चित्रांपेक्षा त्याच्या जमिनींची गोष्ट अधिक ओढून घेते. त्याच्या मृत्यूला साठेक वर्षे होत आली तरी अमेरिकेत त्याच्या नावाने एक भांडण चालू आहे. भांडण सुट्टीतल्या खोल्यांचे आणि त्यांच्या किमतींचे आहे. भांडणारे आहेत डिस्नेवर जीव टाकणारे लोक. त्या भांडणाचे मूळ वॉल्टच्या आयुष्यातच सापडते.

वॉल्टचा जन्म ५ डिसेंबर १९०१ चा, शिकागोतला. वडील इलायस कष्टाळू, करडे, पण धंद्यात यश न लाभलेले. १९०६ मध्ये हे कुटुंब मिसुरी राज्यात मार्सेलिन या छोट्या गावी शेतावर राहायला गेले. सफरचंदाची झाडे, गुरे, डुकरे आणि जवळून धडधडत जाणारी आगगाडी. वॉल्टचे खरे बालपण एवढेच. काही वर्षांतच शेत विकावे लागले आणि मंडळी कॅन्सस सिटीला आली. तिथे वडिलांनी वर्तमानपत्रे टाकण्याचा धंदा घेतला. पहाटे साडेतीनला उठून, बर्फ तुडवत छोटा वॉल्ट दारोदार पेपर टाकू लागला आणि त्याबद्दल वडिलांकडून त्याला मजुरी मिळत नसे. हातातून गेलेले ते शेत त्याने आयुष्यभर मनात जपले.

दुसरा धडा धंद्यात मिळाला. कॅन्सस सिटीतली कंपनी बुडाल्यावर १९२३ मध्ये तो हॉलिवुडला गेला आणि थोरला भाऊ रॉय याच्यासह त्याने स्टुडिओ काढला. ओस्वाल्ड नावाचा त्यांचा ससा लोकप्रिय झाला. पण १९२८ मध्ये वॉल्टला कळले, की कागदोपत्री ससा त्याचा नाहीच, तो वितरकांचा आहे. ससा गेला आणि बहुतेक चित्रकारही गेले. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला मिकी पडद्यावर आला, तो मात्र डिस्नेच्या मालकीचा होता. ज्याच्या सातबाऱ्यावर आपले नाव नाही ते आपले नाही, हे वॉल्टला तेव्हा पक्के समजले.

पुढे दोन मुली झाल्या. शनिवार-रविवार तो त्यांना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये फिरत्या घोड्यांवर बसवायला नेई आणि आपण बाकावर शेंगदाणे खात बसे. मुलांनी खेळायचे आणि आईबापांनी घड्याळाकडे पाहायचे, यापेक्षा दोघांनाही रमता येईल अशी जागा का असू नये? या साध्या प्रश्नातून डिस्नेलँड उभे राहिले. स्टुडिओसमोरच छोटेसे उद्यान करावे, असे आधी त्याच्या मनात होते. पण बरबँकच्या नगरपालिकेने नकार दिला. तोवर बेत वाढला होता आणि पैसा मात्र नव्हता. रॉय जपून पाऊल टाकणारा. वॉल्टने आयुर्विम्यावर कर्ज काढले आणि सुट्टीसाठी बांधलेले स्वतःचे घर विकले. शेवटी ‘एबीसी’ या टीव्ही कंपनीने भागीदारी घेतली आणि अॅनाहाइम गावी संत्र्यांच्या बागा तोडून सुमारे १६० एकरांवर काम सुरू झाले.

१७ जुलै १९५५ चा उद्घाटनाचा दिवस फजितीचाच होता. खोट्या तिकिटांमुळे गर्दी भलतीच वाढली. नळ जोडणाऱ्यांचा संप झाला होता, त्यामुळे बऱ्याच नळांना पाणी नव्हते. ताज्या डांबरात बायकांच्या सँडलच्या टाचा रुतत होत्या. तरी सात-आठ आठवड्यांत दहा लाख माणसे येऊन गेली. प्रवेश मोठ्यांना एक डॉलर, लहानांना पन्नास सेंट आणि खेळांचे पैसे वेगळे.

पण खरी गंमत फाटकाबाहेर होती. उद्यानात सगळे पैसे संपल्यामुळे वॉल्टला हॉटेल बांधता आले नव्हते. ते काम जॅक रॅदर या दुसऱ्याच उद्योजकाने केले. डिस्नेचेच नाव लावलेले ते हॉटेल कंपनीच्या हाती यायला १९८८ साल उजाडले. चहूबाजूंनी मोटेले, पाट्या, निऑनचे दिवे उगवले. माणसे वॉल्टच्या स्वप्नासाठी येत आणि रात्रीच्या खोलीचे पैसे शेजाऱ्याला देऊन जात.

म्हणून फ्लोरिडात त्याने कसर ठेवली नाही. निरनिराळ्या नावांच्या कंपन्या काढून, कुणाला सुगावा लागू न देता, ऑरलँडोजवळची दलदलीची आणि कुरणांची जमीन त्याच्या माणसांनी घेतली. ही जमीन २७ हजार एकरांहून अधिक होती आणि एकूण खर्च आला पन्नास लाख डॉलरच्या आसपास, म्हणजे एकरी दोनशे डॉलरही पडले नाहीत. ऑक्टोबर १९६५ मध्ये स्थानिक वृत्तपत्राने खरेदीदाराचे नाव फोडले आणि भाव भडकले. पण तोवर काम फत्ते झाले होते.

या जमिनीवर त्याला केवळ खेळ मांडायचे नव्हते. ‘एपकॉट’ नावाचे वीस हजार वस्तीचे भविष्यातले शहर वसवायचे होते. आणि गंमत अशी, की त्या शहरात कुणाच्याही मालकीचे घर असणार नव्हते. सगळे भाडेकरू. मालक एकच! ते शहर झाले नाही. १५ डिसेंबर १९६६ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने वॉल्ट गेला. पासष्ट वर्षे पूर्ण होऊन दहाच दिवस झाले होते. निवृत्तीला आलेल्या रॉयने ती लांबणीवर टाकली, १ ऑक्टोबर १९७१ ला उद्यान उघडले, त्याला वॉल्टचे पूर्ण नाव दिले आणि त्याच डिसेंबरात तोही गेला.

आता भांडणाकडे येऊ. १९९१ मध्ये कंपनीने ‘डिस्ने व्हेकेशन क्लब’ काढला. नव्वदच्या दशकात आपल्याकडेही जेवण घालून टाइमशेअर गळ्यात मारणाऱ्या सभा भरत, तेव्हा कल्पना नवी नाही. इथे खोलीऐवजी ‘पॉइंट’ विकत घ्यायचे. दर वर्षी तेवढे पॉइंट मिळतात, त्यांवर राहायचे. शिवाय दर वर्षी मेंटेनन्स भरायचा. सुरुवातीला एका पॉइंटला पन्नासेक डॉलर पडत. आता नव्या इमारतींत तो दर दोनशेच्या पुढे गेला आहे. पहिल्या इमारतींचे मूळ करार ३१ जानेवारी २०४२ ला संपतात. मग जागा पुन्हा कंपनीची.

चाहत्यांत सरळ दोन तट आहेत. एक म्हणतो, १९९१ मध्ये घेतले त्यांचे सोने झाले, मुले तिथेच वाढली, आणि हॉटेलचे दर पाहता आजही सौदा वाईट नाही. दुसरा म्हणतो, नवनवे टॉवर उठवून जुन्या हॉटेलांचा तोंडवळा बिघडवला, खोल्या वाढल्या पण उद्यानातली रांग तीच. पॉलिनेशियन हॉटेलशेजारी डिसेंबर २०२४ मध्ये उघडलेल्या टॉवरवरून हाच वाद झाला. २०१९ पासूनचा एक नियम तर फारच बोचतो: जुन्या सभासदाकडून पॉइंट घेतले तर काही नव्या हॉटेलांत ते चालत नाहीत. साहजिकच, विकायला निघालेल्याच्या वस्तूची किंमत उतरते. आणि दोन्ही तट शेवटी एकच वाक्य टाकतात, की वॉल्ट असता तर!

वॉल्ट असता तर काय केले असते? मला वाटते, या वाक्यात थोडा भाबडेपणा आहे. फाटकाबाहेरचा पैसाही आपल्याच तिजोरीत यावा, हे वॉल्टनेच ठरवले होते. मालकी स्वतःकडे ठेवून इतरांना राहायला देणे, हीदेखील त्याचीच कल्पना. क्लबचा करार त्या विचाराच्या फारसा विरुद्ध नाही.

पण दुसरी बाजूही वॉल्टचीच आहे. एक डॉलरच्या फाटकातून बाप आणि मुले एकत्र आत जातील, अशी जागा त्याला हवी होती. आज गर्दीच्या दिवशी डिस्नेलँडचे एका माणसाचे तिकीट दोनशे डॉलर ओलांडते. भाववाढ हिशेबात धरली, तरी १९५५ चा डॉलर आजचे बारा-एक डॉलर होतो. खेळांचे वेगळे पैसे त्यात मिळवले, तरी एवढी रक्कम होत नाही. कामगार बाप शेंगदाणे खात बाहेरच्या बाकावरच राहणार असेल, तर तक्रार रास्त आहे.

तेव्हा अशा कागदावर सही करणाऱ्याने, मग तो ऑरलँडोत असो की लोणावळ्यात, एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपण घर घेत नाही, काही वर्षांच्या सुट्ट्या आगाऊ विकत घेतो. त्या सुट्ट्या खरोखर घेणार असलो, तर व्यवहार चांगला. मालकीच्या सुखासाठी घेणार असलो, तर नाही. ओस्वाल्ड गमावल्यावर वॉल्ट जे शिकला, ते आपण त्याच्याच गोष्टीतून फुकट शिकू शकतो.