रहीमसाब : भारताला आशियाचं सोनं दोनदा जिंकून देणारे मास्तर

फुटबॉलचा वर्ल्ड कप आला की गोंदिया जिल्ह्यातल्या चोरखमाऱ्यासारख्या गावातही पोरांची झोप उडते. एका बाजूला तलाव, दुसऱ्या बाजूला नागझिऱ्याचं जंगल, आणि मध्यरात्री मोबाईलभोवती जमलेली चार डोकी. कुणी मेस्सीचा, कुणी एमबाप्पेचा. भारताचा मात्र कुणीच नाही, कारण भारत त्या मैदानात नसतोच. पण एक काळ असा होता, की आंतरराष्ट्रीय स्पर्धेत श्वास रोखून आपल्याच संघासाठी बसावं लागायचं. तो काळ घडवणारा माणूस होता हैदराबादचा एक शाळामास्तर. सय्यद अब्दुल रहीम त्याचं नाव.

रहीमसाब यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादेत झाला. तेव्हा आपला मराठवाडाही त्याच संस्थानात होता. उस्मानिया विद्यापीठातून शिक्षण घेऊन ते शाळेत शिकवू लागले. स्वतः चांगले खेळाडू होते, पण त्यांचा खरा पिंड शिक्षकाचा. पुढे शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि वर्गातली शिस्त त्यांनी मैदानावर आणली.

हैदराबाद सिटी पोलीस संघ त्यांच्या हातात आला आणि चमत्कार वाटावा असं घडलं. मुंबईच्या कूपरेज मैदानावरचा रोव्हर्स कप म्हणजे त्या काळातली मोठी स्पर्धा. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं तो हैदराबादच्या पोलिसांनी नेला. मुंबईकर प्रेक्षकांनी रहीमसाबची शिकवण डोळ्यांनी पाहिली ती अशी.

शिकवण साधी होती. चेंडू पायात घोळवत बसायचं नाही, लगेच पुढे द्यायचा. ज्याचा उजवा पाय चालतो त्याने डाव्याचा सराव करायचा. गरीब घरचा पोरगा गुणी दिसला तर त्याला सोडायचं नाही. तुळशीदास बलराम हा असाच मुलगा. सरावाला यायला पैसे नव्हते, तर येण्याजाण्याचे पैसे रहीमसाबनी स्वतःच्या खिशातून दिले. पुढे तो भारताचा नामांकित फॉरवर्ड झाला.

१९५१ साली दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धा झाल्या. अंतिम सामन्यात मेवालालच्या गोलवर भारताने इराणला १-० हरवलं आणि सोनं जिंकलं. पण पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असं धुतलं. त्या थंडीत आपले अनेक खेळाडू अनवाणी खेळले होते. एवढ्या मोठ्या पराभवानंतर दुसरा कुणी खचला असता. रहीमसाब पुन्हा कामाला लागले. बूट सक्तीचे झाले, खेळण्याची पद्धत बदलली.

फळ मिळालं १९५६ ला, मेलबर्नमध्ये. यजमान ऑस्ट्रेलियाला भारताने त्यांच्याच प्रेक्षकांसमोर ४-२ हरवलं. मूळ गोव्याचा, मुंबईत खेळणारा नेव्हिल डिसोझा याने तीन गोल केले. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. भारत उपांत्य फेरीत गेला आणि शेवटी चौथा आला. त्यानंतर ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये आपण एवढं पुढे कधीच गेलो नाही.

आणि मग आलं १९६२ चं जकार्ता. तोवर रहीमसाबना फुफ्फुसाच्या कॅन्सरने गाठलं होतं. अंगात ताकद नव्हती, तरी ते संघासोबत गेले. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाकडून ०-२ हार. तिथून थायलंड, जपान, दक्षिण व्हिएतनाम असे एकेक अडथळे पार करत संघ अंतिम सामन्यात पोहोचला. समोर पुन्हा तोच कोरिया.

बाहेरचं वातावरण तर फारच वाईट. इस्रायल आणि तैवानला इंडोनेशियाने येऊ दिलं नाही, त्यावर भारतीय पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतला होता. लोक भारतावर चिडले. आपल्या खेळाडूंना बसमध्ये लपून जावं लागलं. ४ सप्टेंबरला सुमारे एक लाख प्रेक्षकांचं स्टेडियम आपल्या विरोधात ओरडत होतं. त्या गर्दीत भारतासाठी टाळ्या कोण वाजवत होतं, ठाऊक आहे? पाकिस्तानचा हॉकी संघ! ही आठवण आपल्या खेळाडूंनीच नंतर सांगून ठेवली आहे.

आदल्या दिवशी रहीमसाबनी मुलांकडे एकच भेट मागितली होती, सोन्याची. मुलांनी ती दिली. डोक्याला टाके पडलेला जर्नैलसिंग बचावातला खेळाडू, त्याला रहीमसाबनी पुढे खेळवलं. पी. के. बॅनर्जीने एक गोल केला, दुसरा या जर्नैलने. आजारातून उठलेल्या थंगराजने गोलपोस्ट सांभाळलं. भारत २-१ ने जिंकला. कप्तान होता चुनी गोस्वामी.

वर्षही पुरतं झालं नाही. ११ जून १९६३ रोजी रहीमसाब गेले. वय अवघं ५३. त्यांचे चिरंजीव सय्यद शाहिद हकीम १९६० च्या रोम ऑलिम्पिक संघात होते, पुढे फिफाचे रेफरी झाले. जकार्तानंतर आजवर आशियाई स्पर्धेत फुटबॉलचं सोनं भारताला मिळालेलं नाही. कितीतरी वर्षं रहीमसाबचं नावही विस्मृतीत गेलं होतं. २०२४ मध्ये अजय देवगणचा मैदान हा चित्रपट आला, तेव्हा अनेक घरांत ते पहिल्यांदा कळलं.

पुढच्या वेळी रात्री मॅच बघायला बसाल तेव्हा मुलांना ही गोष्ट जरूर सांगा. दुसऱ्या देशाच्या संघावर जीव टाकण्यात वावगं काही नाही, जकार्तात पाकिस्तानच्या पोरांनीही तेच केलं. पण त्या संघात एकेकाळी आपलीही पोरं होती, आणि त्यांच्या मागे एक मास्तर उभा होता, हे घरातल्या लेकरांना माहीत असायला हवं.