तांबडी माती आणि गादी

लंडनच्या १९४८ च्या ऑलिम्पिकमध्ये खाशाबा जाधव उतरले तेव्हा ते २२ वर्षांचे होते. जन्म १५ जानेवारी १९२६, गाव कराडजवळचं गोळेश्वर, वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाचव्या वर्षीच अंगाला तांबडी माती लागलेली. इतक्या वर्षांच्या मेहनतीनंतर दम किंवा ताकद कमी असण्याचं कारण नव्हतं. तरीही ५२ किलो गटात त्यांना सहाव्या क्रमांकावर थांबावं लागलं. अडचण होती ती गादीची.

मातीत अनवाणी पायाची बोटं रुतवून उभं राहता येतं. घामानं निसटणारं अंग चिमूटभर माती लावली की हातात येतं. चितपट होईपर्यंत कुस्ती चालते, म्हणून पैलवान वाट पाहू शकतो. गादीवर पायात बूट, खाली मऊ पृष्ठभाग, घड्याळ चालू आणि प्रत्येक डावाचे गुण. उभं राहण्याची पद्धत, वजन टाकण्याची जागा, डावाची वेळ, सगळंच बदलतं. लंडनमध्ये अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांनी खाशाबांना या कुस्तीचे धडे दिले. पण मेंदू आणि स्नायूंनी सतरा वर्षांत पक्की केलेली सवय काही दिवसांत सुटत नाही. दमल्यावर तर जुनीच सवय आधी वर येते.

गंगाखेडच्या बाजूला गोदाकाठी किंवा शेतातल्या विहिरीत पोहायला शिकलेला माणूस शर्यतीच्या तलावात उतरला की त्याचंही असंच होतं. डोकं पाण्याबाहेर ठेवायची त्याची सवय विहिरीत उपयोगाची असते. तलावात मात्र डोकं वर म्हणजे कंबर खाली, आणि कंबर खाली गेली की पाण्याचा अडथळा वाढतो. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट. वेग दुप्पट केला तर अडथळा जवळजवळ चौपट होतो. अशा वेळी दम वाढवण्यासाठी नुसत्या फेऱ्या मारणं म्हणजे चुकीचा हातच पक्का करणं. नवा हात ताज्या अंगानं, कमी अंतरात शिकावा लागतो. पण तेवढंही पुरत नाही. शेवटच्या ५० मीटरमध्ये दमलेल्याचा कोपर खाली पडतो आणि शिकलेलं विसरायला होतं. म्हणून तो हात पुढे थोड्या थकव्यातही घोटावा लागतो.

खाशाबांनी पुढची चार वर्षं गादीची कुस्ती अंगवळणी पाडली आणि ते ५७ किलो गटात आले. १९५२ च्या हेलसिंकीसाठी पैसे नव्हते. गावानं वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. असे प्राचार्य त्या काळीही फार नसावेत.

हेलसिंकीत कॅनडाचा पोलिकिन आणि मेक्सिकोचा बासुर्तो यांना खाशाबांनी हरवलं. मग समोर आला जपानचा शोहाची इशी. तो मूळचा ज्युदोपटू. युद्धानंतर जपानमध्ये ज्युदोवर बंदी आली म्हणून कुस्तीकडे वळलेला. म्हणजे त्यानंही मोठेपणीच नवं तंत्र शिकलं होतं. सुमारे पंधरा मिनिटं झुंज चालली आणि खाशाबा हरले. त्यानंतर लगेचच त्यांना सोव्हिएत संघाच्या राशिद मामादबेयोवशी लढायला बोलावलं गेलं. नियमानं दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती, पण तसं ठणकावून सांगायला भारताचा एकही अधिकारी तिथे नव्हता.

या अर्ध्या तासाचं मोल शरीरशास्त्र सांगतं. झटक्याच्या हालचालीला लागणारा स्नायूंतला ऊर्जेचा तात्काळ साठा काही मिनिटांत बराचसा भरून येतो. पण जोराच्या झुंजीत रक्तात वाढलेलं लॅक्टेट आणि आम्लता खाली यायला अर्धा ते एक तास लागतो. पैलवानाच्या हाताचं तर आणखीच वेगळं. घट्ट पकड धरून ठेवली की आकसलेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतो, आणि सर्वांत आधी मनगट-पंजा दगा देतो. पकड सुटली की डाव माहीत असून उपयोग नाही. लंडनमध्ये अंगात दम होता, तंत्र अपुरं होतं. हेलसिंकीत तंत्र होतं, पण दम परत यायला वेळच दिला गेला नाही. खाशाबा ती कुस्ती हरले. इशीला सुवर्ण मिळालं, मामादबेयोवला रौप्य आणि खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक; दुसरं यायला १९९६ उजाडलं.

कराडला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवले आणि त्या पैशातून प्राचार्यांचं घर सोडवून दिलं. १९५५ साली ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ चं मेलबर्न हुकलं. दुर्बिणीतून गुडघ्याची शस्त्रक्रिया करण्याची सोय तेव्हा आपल्याकडे नव्हती. पुढे त्यांनी पोलीस दलात खेळाडूंना शिकवलं. निवृत्तीनंतर थोड्याच काळात, १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार त्यांच्या नावावर लागला तो त्यानंतर सोळा-सतरा वर्षांनी.